पॉलिमॉर्फ्स ९० टक्के: पोटात पाणी झालेल्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ३१ वर्षांच्या, राहणार भांडुप, मूळच्या मालवणकडच्या. परळच्या एका खाजगी ऑफिसात हिशेबाचं काम करतात. लहानपणी बाळदमा होता, आजही पावसाळा सुरू झाला की शिंका आणि नाक गळणं सुरू होतं. त्याशिवाय मोठं दुखणं कधी नव्हतं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

तक्रार सुरू झाली ती जेवणानंतर बेंबीभोवती येणाऱ्या कळांनी. मग उलट्या, दिवसातून चार-पाच पातळ जुलाब. तिसऱ्या आठवड्यात पोट फुगू लागलं, नेहमीचे ड्रेस पोटावर बसेनात. खाणं निम्म्यावर आलेलं असूनही वजन दोन किलोंनी वाढलेलं. ताप नाही, रात्रीचा घाम नाही, खोकला नाही.

सोनोग्राफीत दोन गोष्टी दिसल्या: पोटात मध्यम प्रमाणात पाणी, आणि लहान आतड्याच्या काही भागाची भिंत जाड. मुंबईत हे दोन शब्द एकत्र आले की डॉक्टर, रुग्ण आणि शेजारी सगळ्यांच्या मनात एकच नाव येतं. त्यात चूक काही नाही. पोटाचा टीबी इथे खरोखरच भरपूर आहे आणि तो चुकला तर जीवावर बेततं. टीबीसाठी हातावर टोचून करायची मांटू चाचणी १४ मिलिमीटर आली होती, म्हणजे पॉझिटिव्ह. पण आपल्याकडे मोठ्या माणसांत कधीतरी जंतूशी गाठ पडलेली असणं इतकं सामान्य आहे की ही चाचणी आजचा आजार सांगत नाही. पोटातलं पाणी एकदा काढून तपासलेलं होतं. रिपोर्टमध्ये प्रथिनं जास्त, एकूण पेशी ५,४००, त्यात पॉलिमॉर्फ्स ९० टक्के, लिम्फोसाइट्स १० टक्के (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार). संसर्ग समजून पाच दिवस अँटिबायोटिक्सची इंजेक्शनं झाली. फरक पडला नाही, तेव्हा सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, लिहून दिली गेली. सोबत सल्ला होता, "दोन महिन्यांत बरं वाटलं तर टीबीच समजायचा."

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी गोळ्या आणल्या होत्या, पण सुरू केल्या नव्हत्या. चुलतभावाला एकेटीने कावीळ झालेली त्यांनी जवळून पाहिली होती. "डॉक्टर, टीबी असेल तर सहा महिने काय, वर्षभर घेईन. पण नक्की आहे का, तेवढं सांगा," असं त्या म्हणाल्या. मागणी अगदी रास्त होती.

फाइल उलटी वाचायला घेतली, म्हणजे सर्वांत जुना कागद आधी. पहिल्याच आठवड्यात केलेल्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी १४,२०० आणि त्यात इओसिनोफिल्स, म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांमुळे वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३१ टक्के. ताज्या रिपोर्टमध्ये १६,८०० आणि ४२ टक्के. टक्केवारीवर नजर थांबली की ‘ॲलर्जी असेल’ म्हणून पुढे जाणं सोपं असतं. गुणाकार केला की चित्र पालटतं: १६,८०० चे ४२ टक्के म्हणजे दर मायक्रोलिटरला ७,०५६. निरोगी माणसात हा आकडा ५०० च्या आत असतो. मुंबईत धूळ, बुरशी आणि जंत यांमुळे सहाशे-सातशेचे रिपोर्ट रोज येतात, अल्बेंडाझोल ही जंतांची एक गोळी देऊन विषय संपतो. त्या सवयीत सात हजारही त्याच रांगेत जाऊन बसतात. माझ्या मते लॅबने टक्क्यांशेजारी ही निरपेक्ष संख्या ठळक छापायलाच हवी. काही लॅब छापतात, सगळ्या नाही.

दुसरा प्रश्न पाण्याच्या रिपोर्टचा. पोटाच्या टीबीत पाण्यात साधारणपणे लिम्फोसाइट्स जास्त असतात. इथे ९० टक्के पॉलिमॉर्फ्स. मग जंतुसंसर्ग म्हणावा, तर ताप नाही, पोट कडक नाही, पाण्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काही उगवलेलं नाही. पॉलिमॉर्फ म्हणजे खंडित केंद्रक असलेली पेशी. जंतुसंसर्गात वाढणाऱ्या न्यूट्रोफिलचं केंद्रक तसं असतं, आणि इओसिनोफिलचंही, बहुतेकदा दोन खंडांचं. पाण्याची काच नीट रंगवून न पाहता फक्त ‘एककेंद्रकी किती आणि खंडित किती’ एवढंच मोजलं, तर इओसिनोफिल्स निमूटपणे पॉलिमॉर्फ्सच्या खात्यात जमा होतात. रिपोर्ट खोटा नसतो, अपुरा असतो.

म्हणून पाणी पुन्हा काढलं. पिवळसर, किंचित गढूळ. पॅथॉलॉजिस्टना आधी फोन करून सांगितलं की लगेच काच करा, लीशमन रंग वापरा आणि इओसिनोफिल वेगळे मोजा. संध्याकाळी त्यांनीच खाली बोलावून घेतलं. भिंगाखाली सगळीकडे दोन खंडांची केंद्रकं आणि नारिंगी-लाल दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी. मोजणीत ८८ टक्के इओसिनोफिल्स. प्रथिनं ४.६ ग्रॅम, रक्त आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनचा फरक १.१ पेक्षा कमी, म्हणजे पाणी यकृताच्या दाबामुळे साठलेलं नव्हतं. एडीए हे टीबीत पाण्यात वाढणारं विकर १४, टीबीत ते सहसा चाळिशीच्या आसपास किंवा वर जातं. टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह. पण पोटातल्या पाण्यात ही चाचणी बऱ्याचदा टीबी असूनही निगेटिव्ह येते, म्हणून तिच्यावर भार टाकला नाही. टीबीच्या कल्चरसाठी नमुना पाठवला, त्याचा अंतिम निकाल सहा आठवड्यांनी येणार होता. कर्करोगाच्या पेशी नव्हत्या.

टीबीच्या सावलीत इओसिनोफिलचा आजार लपण्याला आपल्या देशात जुना इतिहास आहे. आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग सॅनटोरियममध्ये फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन यांनी १९४० साली अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांची छाती क्षयासारखी दिसत होती, पण रक्तात इओसिनोफिल्स प्रचंड वाढलेले होते. तो आजार फायलेरियाच्या (हत्तीरोगाच्या) जंतांमुळे होतो, हे पुढे कळलं. तिथेही वाट दाखवली ती रक्ताच्या काचेनेच.

आता निदानाचं नाव समोर दिसत होतं: जठर आणि आतड्याचा इओसिनोफिलिक दाह. १९३७ मध्ये कायझर यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. १९७० मध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या थरांप्रमाणे त्याचे तीन प्रकार मांडले. आतल्या अस्तरात दाह असेल तर जुलाब, रक्तक्षय, प्रथिनं गळणं. स्नायूंच्या थरात असेल तर आतडं अरुंद होऊन अडथळा. बाहेरच्या आवरणात असेल तर पोटात पाणी. बाईंची लक्षणं पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची होती. पण हे निदान बाकीची कारणं बाजूला सारल्यावरच करायचं असतं. घाईने नाव दिलं की स्टेरॉइड सुरू होतं, आणि स्टेरॉइड देण्याआधी एक दार पक्कं बंद करावं लागतं.

ते दार म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस. ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेवाटे शिरणारा हा जंत माणसाच्या शरीरातच पुन्हा पुन्हा नवा संसर्ग करत राहतो. त्यामुळे लहानपणी लागलेला जंत दशकांनंतरही आतड्यात असू शकतो. बाईंचं बालपण कोकणात, भातलावणीच्या चिखलात गेलेलं. जंत असताना स्टेरॉइड दिलं तर अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरतात, जाताना आतड्यातले जीवाणूही रक्तात नेतात. त्यातून रुग्ण वाचवणं फार कठीण होतं. शौचाच्या एका नमुन्यात हा जंत अनेकदा सापडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने तपासले. तिन्ही साफ. तरीही आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक दिलं: ५२ किलो वजनाला १२ मिलिग्रॅम, लागोपाठ दोन दिवस. या जंतावर अल्बेंडाझोल तितकं भरवशाचं नाही. औषध स्वस्त, सुरक्षित, आणि न देण्याची किंमत अफाट. अशा रुग्णात नमुने साफ असले तरी मी ते देतोच. फायलेरियाची प्रतिजन चाचणीही करून घेतली, निगेटिव्ह आली.

बाकीच्या यादीवरून लवकर गेलो. वेदनाशामक गोळ्या, काढे, जिमच्या पावडरी काहीच नव्हतं. एचआयव्ही निगेटिव्ह. सीटी स्कॅनमध्ये जठराचा शेवटचा भाग आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग सुजलेला. टीबीत दिसतात तशा मध्ये सडलेल्या गाठी नाहीत, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आकुंचन नाही. मात्र इओसिनोफिल्स १,५०० च्या वर असतील तर आतड्यापुरतं पाहून चालत नाही. या पेशींचे दाणे हृदयाच्या अस्तराला इजा करतात. म्हणून टूडी इको आणि हृदयाची इजा दाखवणारी ट्रोपोनिन ही रक्तचाचणी झाली, दोन्ही ठीक. दम्याचा इतिहास असल्यामुळे रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी आंका चाचणी, आणि रक्ताच्या कर्करोगासारख्या प्रकारासाठी एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए हा जनुकीय जोड तपासला. तो सापडला असता तर उपचार पूर्ण वेगळा, इमॅटिनिब या कर्करोगावरच्या गोळीचा झाला असता. दोन्ही निगेटिव्ह.

मग दुर्बीण. जठराच्या शेवटच्या भागात थोडी लाली, बाकी सगळं डोळ्यांना जवळपास निरोगी. अशा वेळी ‘तपासणी नॉर्मल’ लिहून दुर्बीण बाहेर काढली जाते आणि निदान हातचं जातं. हा दाह ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो आणि अस्तर बऱ्याचदा चांगलं दिसतं. एंडोस्कोपी करणाऱ्या सहकाऱ्याशी आधीच ठरलं होतं की काहीही दिसो, तुकडे घ्यायचे: अन्ननलिका, जठराचे दोन भाग, लहान आतड्याची सुरुवात, आणि कोलोनोस्कोपीत शेवटचं लहान आतडं व मोठं आतडं. प्रत्येक जागेच्या तुकड्यांना वेगळी बाटली.

वेगळ्या बाटलीचा आग्रह यासाठी, की ‘इओसिनोफिल किती म्हणजे जास्त’ याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. निरोगी अन्ननलिकेत ते जवळजवळ नसतातच, तिथे मोठ्या भिंगाखालच्या एका क्षेत्रात १५ दिसले तरी पुरे. जठरात साधारण ३० ची मर्यादा धरतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला पन्नाशीच्या पुढे गेल्यावर शंका घट्ट होते, आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात शंभरपर्यंत असणंही स्वाभाविक मानलं जातं. ‘इओसिनोफिल्स दिसतात’ एवढ्या ओळीला म्हणून काही अर्थ नाही, आकडा आणि जागा दोन्ही हवेत. आमच्या रिपोर्टमध्ये अन्ननलिका ३, जठर ६२, लहान आतड्याची सुरुवात ७४. पेशी अस्तराखालच्या स्नायूच्या पातळ थरात घुसलेल्या आणि ग्रंथींमध्ये शिरलेल्या. शेवटचं लहान आतडं आणि मोठं आतडं स्वाभाविक. टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके (ग्रॅन्युलोमा) कुठेही नाहीत. फक्त बाहेरच्या आवरणाचा आजार असता तर हे तुकडेही साफ आले असते आणि लॅपरोस्कोपी करून पूर्ण जाडीचा तुकडा घ्यावा लागला असता. तेवढ्यावर जावं लागलं नाही.

निदान पक्कं झालं, तरी टीबी कल्चरचा निकाल यायला महिन्याहून जास्त अवकाश होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ, मांटू पॉझिटिव्ह, पोटात पाणी, आणि बाईंना जेवण टिकत नव्हतं. थांबायचं की स्टेरॉइड द्यायचं? स्टेरॉइडने झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. दुसऱ्या पारड्यात ८८ टक्के इओसिनोफिल्स, कमी एडीए, बायोप्सीचे आकडे आणि ताप नसणं होतं. बाईंना आणि त्यांच्या यजमानांना समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. ताप, खोकला, वजन घटणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं, असं ठरलं. सकाळी नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिलिग्रॅम सुरू केलं, सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि साखरेवर लक्ष.

तिसऱ्या दिवशी कळा थांबल्या. आठवड्याने रक्तातले इओसिनोफिल्स ३१०. दोन आठवड्यांनी सोनोग्राफीत पाणी नावापुरतं. घरचे आनंदात होते, आणि मीही. पण या सुधारणेला मी पुरावा मानलं नाही. स्टेरॉइडने रक्तातले इओसिनोफिल्स काही तासांतच घटू लागतात, कारण काहीही असो. टीबीच्या पाण्यालाही स्टेरॉइडने तात्पुरता उतार पडू शकतो. निदान उभं होतं ते औषधाच्या आधी जमवलेल्या पुराव्यावर. सहा आठवड्यांनी कल्चर निगेटिव्ह आलं, तेव्हा माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

इथे त्या ‘दोन महिन्यांत बरं वाटलं तर टीबीच’ या सल्ल्याकडे परत जायला हवं, कारण तो आपल्याकडे रोज दिला जातो. या आजाराचा, विशेषतः पाण्याच्या प्रकाराचा, स्वभावच असा आहे की तो काही रुग्णांत आपोआप ओसरतो. फ्रान्समधल्या ४३ रुग्णांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४२ टक्के लोकांना एकच झटका आला आणि पुन्हा आला नाही, ३७ टक्क्यांना तो उलटून येत राहिला आणि २१ टक्क्यांना आजार सतत राहिला. म्हणजे एकेटी चालू असताना पाणी आपोआप उतरलं असतं, तर श्रेय गोळ्यांना गेलं असतं, फाइलवर टीबीचा शिक्का बसला असता, आणि पुढच्या झटक्याला ‘टीबी उलटला’ म्हणून आणखी तीव्र औषधं आली असती. गोळ्यांनी बरं वाटणं आणि गोळ्या चालू असताना बरं वाटणं यांत फरक करायला आधीची काच आणि आधीची बायोप्सी लागते.

दोन आठवड्यांनंतर डोस हळूहळू उतरवला. ५ मिलिग्रॅमवर आल्यावर पोट पुन्हा फुगलं, जुलाब सुरू झाले, इओसिनोफिल्स १,९०० वर गेले. पाणी मात्र नव्हतं. आजार उलटून येणाऱ्या गटातला होता. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोनवर ठेवणं ३१ वर्षांच्या बाईच्या हाडांना आणि साखरेला परवडणारं नाही. म्हणून आतड्यातच जास्त काम करून यकृतात बहुतांश निष्प्रभ होणारं ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड ९ मिलिग्रॅम सुरू केलं. कॅप्सूलमधले दाणे शेवटच्या लहान आतड्यात विरघळतील अशा बेताने बनवलेले असतात आणि आपला दाह वर होता, त्यामुळे ते कसे घ्यायचे ते वेगळं समजावून द्यावं लागलं. आणि त्याच भेटीत आहाराचा विषय काढला.

बाईंनी आधीच कुठेतरी ‘फूड ॲलर्जी पॅनेल’ करून घेतलं होतं. वांगं, हळद, तांदूळ, केळं धरून भलीमोठी लाल यादी. या आजारात कोणतं अन्न कारणीभूत आहे हे त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीतून भरवशाने कळत नाही. आयजीजी या प्रतिपिंडावर आधारलेली पॅनेलं तर कोणत्याच ॲलर्जीच्या निदानाला उपयोगी नाहीत. ती यादी बाजूला ठेवायला सांगितली. अन्नाचा संबंध आहे, हे मात्र पक्कं. जठर आणि लहान आतड्याचा असा दाह असलेल्या काही प्रौढांना अमेरिकेत सहा आठवडे फक्त मूलघटकांच्या पेयावर (ज्यात प्रथिनांऐवजी सुटी अमिनो आम्लं असतात) ठेवलं, तेव्हा त्यांच्या बायोप्सी शांत झाल्या. पण ते पेय कोणी आयुष्यभर पिऊ शकत नाही. व्यवहारातली वाट म्हणजे संशयित अन्न वगळणं आणि एकेक करून परत आणणं. सहा गट ठरलेले आहेत: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे आणि सुकामेवा, मासे. अन्ननलिकेच्या दाहात स्पेनमध्ये उलट क्रमाने, आधी दूध-गहू, मग चार, मग सहा असं करून पाहिलं गेलं, तेव्हा पहिल्याच पायरीवर ४३ टक्के लोकांना उतार पडला. आतड्याच्या दाहात पुरावा कमी आहे, तरी पायरी तीच धरली.

सोबत सासूबाई आल्या होत्या. सहा गटांची यादी ऐकून त्या कळवळून म्हणाल्या, "मगे पोरीन खावचा तरी काय?" मालवणी घरात मासे बंद म्हणजे शिक्षाच. त्यांना सांगितलं की मासे आणि शेंगदाणे सध्या राहू द्या, ते क्वचितच दोषी निघतात. भात, घावणे, तांदळाची आणि नाचणीची भाकरी, सोलकढी, उसळी, बांगड्याचं तिखलं सगळं चालेल. बंद काय, तर चपाती, पाव, रवा, शेवया, बिस्किटं आणि दूध-दही-ताक-तूप-पनीर. चहा कोरा. खरी अडचण छुप्या गव्हाची. बाजारच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, तयार मसाल्यांत आणि फरसाणात पीठ, बेकरीच्या मालात दुधाची भुकटी. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावावी लागली. ऑफिसातला एकमेकींच्या डब्यातला घास थांबवणं बाईंना सर्वांत जड गेलं. ते त्यांनी केलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

आठ आठवड्यांत ब्युडेसोनाइड ३ मिलिग्रॅमवर आलं, मग बंद झालं. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण: जठर १२, लहान आतडं १८, रक्तात ४२०. लक्षणं गेली म्हणून बायोप्सी टाळू नये, कारण पोट शांत असतानाही आत दाह चालू राहू शकतो. मग गहू परत आणला. काही झालं नाही, बायोप्सीही साफ. घरात चपात्या सुरू झाल्या. नंतर दूध आणलं. पाचव्या आठवड्यात पोट फुगलं, रक्तातला आकडा १,४०० आणि लहान आतड्यात ५८. दूध पुन्हा बंद, लक्षणं दोन आठवड्यांत गेली.

नव्या जैविक औषधांबद्दल बाईंनी विचारलं होतं. ड्युपिलुमॅबला अमेरिकेत मे २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती अन्ननलिकेच्या दाहासाठी, आतड्याच्या नव्हे. थेट इओसिनोफिल मारणाऱ्या लिरेंटेलिमॅबने जठर-आतड्याच्या मोठ्या चाचणीत ऊतीतल्या पेशी कमी केल्या, पण रुग्णांची लक्षणं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, जास्त सुधारली नाहीत. यावरून दिसतं की दाहात इतर पेशींचाही मोठा हात आहे. ज्या रुग्णात एक अन्न वगळून काम भागतं, तिथे मी तरी आज या महागड्या वाटेने जाणार नाही.

सध्या बाई दुधाशिवाय आणि औषधांशिवाय आहेत. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी आणि एक गोळी. दर तीन महिन्यांनी इओसिनोफिल्सची निरपेक्ष संख्या, वर्षातून एकदा इको. दमा अचानक बळावला, किंवा हातापायांना बधिरपणा आला तर वाट न पाहता यायचं, कारण रक्तवाहिन्यांचा दाह असा उशिराही उघड होऊ शकतो. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून ठेवलं आहे: पोटात पुन्हा पाणी झालं, तर काढल्याबरोबर काच करा, लीशमन रंगवा, इओसिनोफिल वेगळे मोजा.